खरखर गाडीत होती

माझ्या थोरल्या साडूंच्या तोंडून ‘चालायचंच’ हा शब्द गेल्या बावीस वर्षांत मी एकदाही ऐकलेला नाही. आपल्या उपनगरांत जेवढी माणसं रोज हा शब्द उच्चारून गप्प बसतात, त्या सगळ्यांच्या वाटणीचं भांडण या एका गृहस्थाने स्वतःच्या अंगावर घेतलेलं आहे. ते नाहूरला राहतात, ट्रक चालवतात. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. उंची बेताची, मिशी पांढरी आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मी कांदिवलीला राहणारा कारकून माणूस. ‘चालायचंच’ हा शब्द मी दिवसातून निदान दहा वेळा वापरतो. आम्हां दोघांना दोन सख्ख्या बहिणी कशा मिळाल्या, याचं सासरेबुवांनाही शेवटपर्यंत नवल वाटत होतं.

भाऊजींचं वैर माणसांशी फारसं नसतं, ते आवाजांशी असतं. तेही मोठ्या आवाजांशी नाही. ढोल, हॉर्न, फटाके यांना ते उदार मनाने माफ करतात. त्यांचं म्हणणं, हे आवाज निदान तोंड दाखवून येतात. त्यांचा राग असतो तो लपून बसलेल्या बारीक आवाजावर. त्यांच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून जाताना ‘टक्’ करायची. सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी सांगितलं की लिफ्ट म्हटली की एवढं व्हायचंच. भाऊजींनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला आत स्टुलावर बसवून तळमजल्यापासून सातव्यापर्यंत चौदा फेऱ्या मारायला लावल्या. पंधराव्या फेरीला त्या बिचाऱ्याला एक सैल स्क्रू सापडला. बोरिवलीला एका पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हे मुठीत अक्षता घेऊन व्यासपीठाखाली शिरले, कारण लाऊडस्पीकरमधून त्यांना गुणगुण ऐकू येत होती. आम्ही वर अक्षता टाकतोय आणि खालून यांचा एक पाय बाहेर आलेला दिसतोय. गुणगुण शेवटच्या अष्टकाला थांबली. भटजींनी ती ओळ पुन्हा एकदा म्हटली, कारण स्वतःचा इतका स्वच्छ आवाज त्यांनीही कधी ऐकला नसावा.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझी प्रकृती विचारायच्या आधी फ्रिजवर हात ठेवला. त्याचा एक पाय अधांतरी आहे, असं निदान केलं, कपाटावरची जुनी लग्नपत्रिका घडी करून त्याखाली सरकवली आणि मग चहा घेतला. लग्नाच्या आधीपासून, अकरा वर्षं मी त्या घरघरीच्या शेजारी जेवत होतो. तो फ्रिजचा स्वभावच आहे अशी माझी समजूत होती.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या शेठने नवाकोरा ट्रक दिला. शेठ मुलुंडचे, औषधांच्या खोक्यांची ने-आण करण्याचा त्यांचा व्यवसाय. मुलुंडच्या गोदामातून माल भरायचा आणि घाटकोपर, अंधेरी, बोरिवली असा दुकानदारांकडे पोचवायचा, हा भाऊजींचा वर्षानुवर्षांचा रस्ता. जुना ट्रक म्हणजे लोखंडी पेटी होती, पण त्यात भाऊजींनी स्वतः बसवलेला रेडिओ होता आणि तो गोरेगावपासून ट्रॉम्बेपर्यंत कुठेही खणखणीत वाजायचा. सकाळच्या बातम्या, लोकगीतं, शेतकऱ्यांसाठी सल्ला, कोळी बांधवांना समुद्राच्या हवामानाची सूचना, सगळं ते सारख्याच भक्तीने ऐकत. त्यांना शेती नाही की होडी नाही. पण पवईच्या चढावर गाडी अडकलेली असताना, आज समुद्र खवळलेला असेल, हे पूर्व उपनगरांत त्यांच्याइतकं नेमकं कुणालाही सांगता येत नसे.

नव्या ट्रकला एसी होता, टीव्हीएवढा पडदा होता, समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा होता, गाडी कुठे आहे ते शेठना सांगणारं यंत्र होतं. आणि रेडिओ लावला की खरखर होती. एफएमची गाणी पुलाखाली शिरताच गुदमरायची, आणि मीडियम वेव्हवर तर निवेदक कुणीतरी कढईत टाकल्यासारखा बोलायचा. भाऊजींनी पहिल्याच दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सुपरवायझरने गाडीला लॅपटॉप जोडला, पडद्याकडे पाहिलं आणि सिस्टीममध्ये एकही दोष नाही असं सांगितलं. भाऊजी म्हणाले, मग हा आवाज सिस्टीमच्या बाहेर राहतो का? सुपरवायझरने समजूत काढली की काका, आता रेडिओ कोण ऐकतं, मोबाइल जोडा आणि हवं ते लावा.

“मोबाइल बिघडलाय असं मी म्हटलंय का?” भाऊजींनी विचारलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला मात्र सुपरवायझर वैतागला असावा. त्याने कामाच्या कागदावर दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि त्याची एक प्रत नियमाप्रमाणे शेठना गेली. भाऊजींनी त्या ओळी मला फोनवर एकेक अक्षर लावून वाचून दाखवल्या आणि मराठीत सांगायला लावलं. मी सौम्य शब्द शोधत होतो, पण ते सापडेनात. लिहिलं होतं की गाडीतला आवाज सर्वसाधारण आहे, तो चालकाला जास्त वाटतो, सबब चालकाच्या कानांची तपासणी करून घ्यावी.

भाऊजी अगदी चिडले की त्यांची मुंबईची भाषा गळून पडते आणि खालची मालवणी वर येते. ते हळू आवाजात म्हणाले, “माका बहिरो ठरवल्यानी.”

मी नेहमीचा शब्द ओठांवर आणला होता. तो गिळला.

खरं संकट दुसऱ्या दिवशी कळलं. शेठ माणूस वाईट नव्हे, पण त्यांच्या औषधकंपन्यांना चालकाच्या तब्येतीचे कागद लागत. चालकाच्या कानांबद्दल लेखी शंका आली म्हटल्यावर त्यांना गप्प बसता येईना. कानांचा दाखला येईपर्यंत गाडी दुसऱ्याकडे दिली आणि भाऊजींना गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस टेबलावर बसून ‘काचसामान, सांभाळून’ अशी चिठ्ठी चिकटवतोय, हे मी एका दुपारी डोळ्यांनी पाहिलं. चिठ्ठ्या मात्र एकूण एक सरळ रेषेत होत्या. घरी ताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं म्हणणं, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, उन्हातान्हातून सुटलात, बसा की सावलीत. माझ्या बायकोचंही तेच. मी तर म्हणालोच की रेडिओसाठी नोकरी पणाला लावण्यात काय अर्थ आहे. भाऊजींनी आम्हां तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाले, “रेडिओ गेला खड्ड्यात. जे नाही ते माझ्या नावावर लिहिलंय, ते मी ठेवून घेणार नाही.”

कानांच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. मुलुंडलाच एका जिन्याच्या वर दोन खोल्यांचा दवाखाना होता. तपासणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी भाऊजींना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बारीक आवाज आला की बटण दाबा असं सांगितलं. दोन मिनिटांत भाऊजी दार उघडून बाहेर. तुमच्या डाव्या बाजूच्या हेडफोनची वायर सैल आहे, मान हलवली की ‘कट्’ होतं, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, सकाळपासून नऊ जण तपासून गेले, कुणी काही बोललं नाही. भाऊजी म्हणाले, त्यांचे कान खराब असतील, म्हणून तर आले ना तुमच्याकडे. बाईंनी स्वतः हेडफोन लावून मान हलवली, थोड्या ओशाळल्या आणि दुसरा हेडफोन आणला. मला वाटलं, दाखला इथेच मिळायला हरकत नव्हती.

पण तपासणी पुरी झाल्यावर बाईंनी कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. डाव्या कानाची रेषा सपाट होती. उजव्याची शेवटाकडे खाली उतरत गेली होती. बाईंनी समजावून सांगितलं की बोलणं, हॉर्न, गाडीचा आवाज सगळं उत्तम ऐकू येतंय, गाडी चालवायला काहीच हरकत नाही, तसा दाखला त्या देतीलच. फक्त उजव्या बाजूने अगदी पातळ, वरच्या पट्टीचे आवाज थोडे कमी झालेत. खिडकीकडचा कान आहे, वर्षानुवर्षं वारा आणि हॉर्न त्याच बाजूने. ड्रायव्हर लोकांचं असं होतं. भाऊजींनी एवढंच विचारलं, हे वाढतं का. बाई म्हणाल्या, हळूहळू, वयाप्रमाणे. खिडकीची काच बंद ठेवत जा.

जिना उतरताना ते मधल्या वळणावर थांबले. उजव्या कानाला त्यांनी हात लावला नाही, नुसता हात वर नेला आणि खाली आणला. हिला यातलं काही बोलू नकोस, असं मला म्हणाले. नाही बोलणार, असं मी म्हणालो. नेहमीप्रमाणे ते आता कुणावर तरी चिडतील म्हणून मी वाट पाहत होतो. वाऱ्यावर चिडायचं की हॉर्नवर, हे त्यांना ठरवता आलं नसावं. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी छाती पुढे काढली. “दाखला शेठसाठी झाला,” ते म्हणाले. “आता कागदावरचं वाक्य खोडायचं.”

शेठना दाखला पुरेसा होता. त्यांनी लगेच गाडीची चावी पुढे केली. भाऊजींनी ती घेतली नाही. त्यांनी एक रविवार मागितला, गोदामामागची मोकळी जागा मागितली आणि तो सुपरवायझर मागितला. शेठने हात जोडले, पण सर्व्हिस सेंटरला फोन केला.

रविवारी सकाळी आम्ही चौघे जमलो: भाऊजी, मी, तोंड पाडून आलेला सुपरवायझर आणि तो ट्रक. सुपरवायझर पस्तिशीचा असेल. सुट्टी बुडाल्याचं दुःख त्याच्या चालण्यातच दिसत होतं. भाऊजींनी मला वही दिली आणि जे होईल ते लिहून ठेव म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून आपला हाताच्या पंजाएवढा, सेलवरचा रेडिओ काढला. ट्रकपासून पन्नास पावलं लांब जाऊन लावला. निवेदिका स्वच्छ बोलत होती. म्हणजे हवेत दोष नाही, लिही. मग तोच रेडिओ हातात धरून, कुणी आजाऱ्याजवळ जावं तसे ते पावलापावलाने ट्रककडे आले. गाडीची चावी बंद असेपर्यंत निवेदिका ठीक होती. मी चावी फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि ती कढईत पडली. इंजिन सुरू केलं, बंद केलं, फरक नाही. इंजिनाचा दोष नाही, लिही. सुपरवायझर तोवर हाताची घडी घालून उभा होता. इथे त्याने घडी सोडली.

पुढचे दोन तास आम्ही गाडीतली एकेक वस्तू बंद करत गेलो. मोबाइलचा चार्जर काढला, खरखर जराशी कमी. केबिनमध्ये शेठने हौसेने बसवलेली निळी दिव्यांची पट्टी काढली, आणखी थोडी कमी. गाडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र काढलं, फरक नाही. ते परत लावलं, कारण शेठचा लगेच फोन आला की गाडी नकाशावरून गेली कुठे. मग भाऊजींनी रेडिओ काचेच्या वरच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याजवळ नेला आणि तो असा किंचाळला की मी वही सोडून कान धरले. सुपरवायझरने स्वतःच हात घालून कॅमेऱ्याची पिन उपटली. खरखर गेली. नुसती कमी झाली नाही, गेली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. खटला लढवणाऱ्या दोन वकिलांना एकाच वेळी साक्षीदार सापडावा, तसे त्यांचे चेहरे झाले होते.

“कॅमेऱ्याची वायर अँटेनाच्या वायरीला चिकटूनच वर गेलीय,” सुपरवायझर पुटपुटला. “काका, ती दुसऱ्या बाजूने फिरवू.”

कॅमेरा काढून टाकणं शक्य नव्हतं, शेठचा नियम होता. म्हणून त्याची वायर सोडवून डावीकडून आणली. कॉम्प्युटरच्या जुन्या वायरीवर असतो तसला, खरखर अडवणारा काळा जाड मणी भाऊजींनी पिशवीतून काढला आणि तिच्यावर चढवला. तो मणी माझ्या घरच्या कॉम्प्युटरची वायर कापून काढलेला होता, हे मला तिथे कळलं. घरचा कॉम्प्युटर गेल्या रविवारपासून का चालत नव्हता, तेही.

माझ्या मते काम झालं होतं. मी वही मिटली. भाऊजींनी ती उघडायला लावली. खरखर गेली खरी, पण गाडीतल्या रेडिओवर निवेदिका अजून लांबून बोलत होती. ते म्हणाले की हे दोन वेगळे आजार आहेत. एक, कुणीतरी मध्ये बोलतंय, आणि दुसरा, आपल्यालाच नीट ऐकू येत नाहीये. हे बोलताना ते क्षणभर अडखळले आणि माझ्याकडे न बघता ट्रकच्या टपाकडे बघू लागले.

टपावर सुपरवायझर चढला. केबिनच्या वर वारा कापायला फायबरची टोपी होती आणि अँटेना त्या फायबरवर बसवला होता. त्याने झाकण काढलं, आत हात घातला आणि वरच बसून राहिला. शेवटी त्याने एक छोटी काळी वायर ओढून दाखवली. तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळून आत दडपलं होतं. ते गाडीच्या लोखंडाला जोडायचं असतं, फायबरवर अँटेना असेल तर जोडावंच लागतं, आणि ते कधीच कुणी जोडलं नव्हतं. अँटेना त्यांच्याच सेंटरमध्ये बसवला होता. त्याने पॉलिश पेपरने रंग घासून लोखंड उघडं केलं, वायर स्क्रूने आवळली आणि खाली न बघता म्हणाला, “लावा रेडिओ.”

मी लावला. कोणी बाई घोंगडी विणण्याबद्दल बोलत होत्या. त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्यासारख्या वाटल्या.

भाऊजी जिंकल्यावर काय करतील याची मला धास्ती होती. लिफ्टवाल्याला त्यांनी तो सैल स्क्रू नोटीसबोर्डावर टाचणीने लावून दाखवला होता. सुपरवायझर खाली उतरला, हात पुसले, कामाचा नवा कागद काढला आणि काय लिहू म्हणून विचारलं. भाऊजींनी सांगितलं, दोष गाडीत होता, चालकाची तक्रार बरोबर होती, आधीचा शेरा रद्द समजावा. त्याने अक्षर न अक्षर लिहिलं. मग तो थांबला. वायर सेंटरमध्येच सुटली होती, हे लिहिलं तर अँटेना बसवणाऱ्याच्या नावाची चौकशी होणार, आणि बसवणारा तोच होता, हे त्याने कुणी विचारलं नसताना सांगितलं. नव्या गाड्यांची रांग होती त्या दिवशी, म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता.

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली वही घेतली, माझं गिचमिड अक्षर चष्मा वर करून वाचलं, वायरीची ओळ शोधली आणि माझ्याच पेनाने ती गच्च खोडली.

“वायर सैल होती, आवळली. एवढंच लिही,” ते त्याला म्हणाले. “कागदावर माणसाबद्दल एक ओळ लिहिली ना, की ती पुसता पुसता जीव जातो. मला माहितेय.”

सुपरवायझर सही करून गेला. फाटकापाशी वळून त्याने हात वर केला. भाऊजींनीही केला, आणि लगेच मला सांगितलं की त्याच्या मोटारसायकलची चेन ओरडतेय, बोलायला हवं होतं.

ट्रक गोदामात परत लावण्याआधी रस्त्यावर एक फेरी मारून बघायची होती. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. काचा वर केलेल्या होत्या, एसी लावला होता, रविवार असल्याने रस्ता मोकळा होता. घोंगडीवाल्या बाई संपल्या आणि कुणीतरी पेटीवर एक जुनं भावगीत वाजवू लागलं. जराही खरखर नाही, एकही सूर तुटत नाही. बावीस वर्षांत त्यांना एखाद्या आवाजात दोष काढता आला नाही असं मी प्रथमच पाहत होतो, आणि त्याचा त्यांना आनंद झालाय की आणखी काही, ते मला कळेना. पेटी वरच्या पट्टीत गेली तसे ते थोडे पुढे झुकले. मान किंचित वळवून डावा कान पुढे केला. मग हात लांबवून आवाज थोडा वाढवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

“जास्त होतोय का रे?”

चांगलाच जास्त होत होता. मी म्हणालो, नाही भाऊजी, मलाही कमीच ऐकू येत होतं. ते मान हलवून पुन्हा रस्त्याकडे बघू लागले, आणि त्या मोठ्या आवाजात आम्ही ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.